बीसीए की बीई? बेळगावकडच्या मुलांसाठी

खानापूर, निपाणीकडची मुलं पीयूसी (बारावी) संपली की सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी हेच विचारतात. बीई ही इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची, त्याला सायन्स आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. व्हीटीयू या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, आणि बीईवाल्यांना कॅम्पस मुलाखतीचं बोलावणं लवकर येतं, हे खरं. बीसीए ही कॉम्प्युटरची पदवी तीन वर्षांत होते, बऱ्याच कॉलेजांत कॉमर्सवाल्यालाही घेतात, फीही सहसा कमी. पण नुसत्या बीसीएवर अनेकदा सपोर्ट (ग्राहकांच्या अडचणी सोडवणं) किंवा टेस्टिंगपासून (सॉफ्टवेअर तपासणं) सुरुवात करावी लागते. पुढे दोन वर्षांची एमसीए ही वरची पदवी केली, की डेव्हलपरच्या (सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या) जागेसाठी बीसीएवालाही बीईवाल्याच्या बरोबरीने उभा राहतो. शेत गहाण टाकून बीई करण्यापेक्षा मी बीसीए-एमसीएच सांगेन. मात्र जावा (प्रोग्रामिंगची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) पहिल्या सेमिस्टरपासून रोज स्वतः लिहायचं. आणि पुणे असो की बेंगळुरू, मुलाखत बहुधा इंग्रजीत होते; मराठी शाळेतून आलेल्यांनी बोलायचा सराव आत्ताच धरावा.