हँडल वाकलं: बाक काढायचा, की नवं टाकायचं?

पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर गाडी घसरली, की पहिला मार हँडलला बसतो. "गाडी एक बाजूले वढस," असं म्हणत आपण थेट गॅरेज गाठतो. पण आधी पुढचं चाक सरळ धरून समोरून नीट बघा. हँडलचा आकार दोन्हीकडे सारखा आहे आणि तरी ते तिरकं दिसतंय, तर बहुतेक वेळा टीमध्ये, म्हणजे हँडलखालच्या शॉकअप धरणाऱ्या जोडात, पुढचे शॉकअप फिरलेले असतात. टीचे आणि एक्सलचे बोल्ट सैल करून ते जुळवता येतात, सामान काहीच लागत नाही. शॉकअपचा पाइप वाकला असेल, तर मात्र नवं हँडल टाकूनही गाडी ओढतच राहील.

हँडलच वाकलं असेल, तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बाक काढणं. दहा मिनिटांचं काम. मी एकदा गॅसवर तापवून सरळ करून घेतलं होतं. महिन्याभरात क्रोम सुटलं, गंज चढला आणि क्लॅम्पच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना ते हातात आलं असतं तर? लोखंडी पाइप एकदा वाकून पुन्हा सरळ केला की त्याच जागी कमजोर होतो. रोज दुधाच्या कॅन किंवा चाऱ्याचा भारा नेणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. अ‍ॅल्युमिनियमचं हँडल तर कधीच सरळ करू नका, ते सांगून तुटत नाही.

भंगारातलं जुनं हँडलही मी घेणार नाही. ते आधी वाकवून सरळ केलेलं आहे का, हे रंगाखाली कळत नाही.

उरलं नवं: कंपनीचं की बाजारातलं? साध्या गाड्यांचं हँडल 22 मिमी जाडीचं असतं, त्यामुळे बाजारातलंही क्लॅम्पमध्ये बसतं आणि स्वस्त पडतं. अडचण येते ती स्विचच्या खिळीसाठी लागणाऱ्या बारीक भोकाची. ते नसलं किंवा जागेवर नसलं, तर मिस्त्री खिळीच घासून टाकतो आणि मग एक्सलेटरचा अख्खा स्विच हातात फिरायला लागतो. शिवाय उंची जास्त असली की केबल ताणतात. म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी माझं मत कंपनीच्याच हँडलला. बाजारातलं घेणारच असाल, तर जुनं हँडल दुकानात सोबत न्या, शेजारी ठेवून वाक आणि भोक ताडून बघा.

पल्सर 220 किंवा आर 15 सारख्या गाड्यांवर क्लिप-ऑन, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं हँडल असतं. तिथे वाकलेली एकच बाजू बदलता येते.

डिस्क ब्रेक असेल तर बदलताना ऑइलची डबी सरळ टांगून ठेवायला सांगा, उलटी झाली तर ब्रेकमध्ये हवा शिरते. काम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज वाढला तर एक्सलेटरची केबल ताणली जातेय. ती नीट ओवून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.