बोरेगो की युरेका? रात्री उमलणारं फूल कुठे पाहावं

भारतातून आई-बाबा आले की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत वाळवंटातली फुलं पाहायचे बेत ठरतात. त्यातही वाळूत वाढणारा, संध्याकाळी फुलणारा ईव्हनिंग प्रिमरोझच पाहायचा असेल, तर बोरेगो की युरेका, असा प्रश्न पडतो. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो.

सॅन डिएगोच्या बाजूला राहत असाल तर अँझा-बोरेगो हे वाळवंटी उद्यान सोपं. हिवाळी पाऊस चांगला झाला, तर मार्चमध्ये हेंडरसन कॅनियन रोडला सँड व्हर्बिनाच्या जांभळ्या फुलांत इनोथेरा डेल्टॉइडिस या ईव्हनिंग प्रिमरोझची मोठाली पांढरी फुलं दिसतात. गाडीतून उतरलं की फूल समोर. जवळच गाव, जेवायची-राहायची सोय. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, तर मीही हेच सुचवेन.

युरेका ड्यून्स, म्हणजे युरेका व्हॅलीतल्या वाळूच्या टेकड्या, डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला. बिग पाइनकडून येताना शेवटचा रस्ता कच्चा, पत्र्यासारख्या वळ्या पडलेला. पाणी नाही, फोनला रेंज नाही. पण इथली उपजाती, इनोथेरा कॅलिफोर्निका युरेकेन्सिस, युरेका व्हॅलीबाहेर कुठेच उगवत नाही. डेल्टॉइडिस हंगाम संपला की वाळून जातो. ही मात्र बहुवर्षायू. वाळूखाली गाडली गेली तरी फांदीच्या टोकाला पानांचा नवा पुंजका धरते. १९७८ साली ती अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली होती. २०१८ मध्ये त्या यादीतून बाहेर आली.

माझा कौल मात्र ठरला तो एका त्रासामुळे. हे फूल उमलतं दिवेलागणीला, आणि आम्ही बोरेगोत गेलो तो शनिवार होता. डोळे अंधाराला जरा सरावले, की एखादी गाडी वळायची आणि हेडलाइटचा झोत थेट तोंडावर. तासभर हेच. वाळूत आडवी झालेली रोपं पाहून तर फार वाईट वाटलं.

युरेकाला आम्ही मुक्कामच केला. आई एका कळीसमोर बसून राहिली. कळीला झाकणारी निदलं सुटून मागे वळली, दुमडलेल्या पाकळ्या हलक्या थरथरत मोकळ्या झाल्या. थोड्या वेळानं एक मोठा पतंग आला, त्याच्या पंखांची घरघर स्पष्ट ऐकू आली. सकाळी तेच फूल गुलाबी पडून मिटलेलं.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. जमत असेल तर एप्रिलअखेरीस युरेका गाठा; जास्तीचं पाणी आणि धड स्पेअर टायर सोबत ठेवा, आणि उतारावर चढताना पाऊल रोपांपासून लांब टाका.