बागेच्या भिंतीवर सिलिकेट रंग: तीन पावसाळ्यांनंतर

आमच्या बागेची भिंत बारा मीटर लांब, खांद्याइतकी उंच. आत वीट, वर सिमेंटचा गिलावा. बाबा आता फारसे बाहेर पडत नाहीत, सकाळचा तासभर याच भिंतीसमोर खुर्ची टाकून बसतात. त्यामुळे पोपडे निघाले की पहिल्यांदा त्यांनाच दिसतात. "अगं, परत सुटला बघ रंग," हे पाच वर्षांत तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायचं नव्हतं, म्हणून सिलिकेट रंग आणला. तो लावून तीन पावसाळे झाले, आता त्याबद्दल खात्रीने काही सांगता येईल.

आधी लावला होता तो रबरासारखा ताणला जाणारा 'वॉटरप्रूफ' रंग. पहिलं वर्ष भिंत देखणी दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत फुगे आले. एक फुगा नखाने फोडला तर आतून पाणी ओघळलं आणि मागे गिलाव्यावर पांढरी भुकटी दिसली. हा लोणा. वीट जमिनीतलं पाणी वर ओढते, पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहतं, पण रंगाचा पडदा त्याला अडवतो. मग क्षारांचे स्फटिक पडद्यामागेच वाढतात आणि रंगाला ढकलून काढतात. घराच्या भिंतीला निदान आतली बाजू कोरडी असते. बागेच्या भिंतीला दोन्ही अंगांनी, वरून आणि खालून पाणीच. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की ती आतून कुजणार.

सिलिकेट रंग इथे वेगळा वागतो. ही जुनी गोष्ट आहे, जर्मनीत काइम यांनी 1878 मध्ये याचं पेटंट घेतलं. यात रंगद्रव्य धरून ठेवतं ते पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे 'वॉटर ग्लास'च्या जातीचं द्रव्य. ते गिलाव्यातल्या खनिजांशी रासायनिकरीत्या जोडलं जातं. वर कातडी धरत नाही, म्हणून सोलून निघायला काही उरतच नाही, आणि वाफ सहज बाहेर पडते.

पण हा रंग चुना, सिमेंट, दगड अशा खनिज पृष्ठभागावरच धरतो. जुना अॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकसारखा पडदा धरणारा रंग खाली राहिला तर सगळी मेहनत वाया. माझे चार शनिवार-रविवार नुसते खरवडण्यात गेले. पटाशी, तारेचा ब्रश, आणि तोंडावर मास्क. पुट्टीसुद्धा काढली. कुठे जुना रंग राहिलाय हे ओळखायला मी पाण्याचे थेंब मारत गेले. थेंब लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला तर ठीक, मोत्यासारखा घरंगळला तर तिथे अजून रंग आहे. ही परीक्षा मला डब्यावरच्या सगळ्या सूचनांपेक्षा उपयोगी पडली. लोणा मात्र कोरड्या ब्रशनेच झाडा आणि गोळा करून बागेबाहेर टाका. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीतच जातो.

आणि रंगाच्या आधी ओलीचा रस्ता शोधा, त्याशिवाय डबा उघडूच नका. आमच्याकडे तीन रस्ते होते. भिंतीचा माथा सपाट होता, त्यावर पाणी साचून खाली झिरपायचं. गवंड्याकडून त्याला उतार काढून घेतला, कडा दोन्हीकडे थोडी बाहेर आणली आणि तिच्या खालच्या अंगाला खाच ठेवली, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता तिथूनच सुटून खाली पडतं. दुसरा रस्ता जाईच्या वाफ्यातला. वर्षानुवर्षं माती घालून घालून ती भिंतीला वीतभर चढली होती, ती उतरवली आणि बुडाशी गोट्यांचा पट्टा केला, म्हणजे पावसाचे शिंतोडे उडत नाहीत. तिसरा रस्ता कोपऱ्यातला गळका नळ. तो दुरुस्त केला, पण तिथली ओल अजून पूर्ण गेलेली नाही.

गिलावा बोटाने ठोकून पाहिला. जिथे पोकळ, बद्द आवाज आला तिथला काढून चुना-वाळूचा नवा केला. तो पक्का व्हायला चार आठवडे थांबले, आणि सबंध भिंत वाळायला त्याहून जास्त.

लावताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, द्रव्य तीव्र अल्कली आहे. काचेवर उडालं तर काच कायमची धुरकट होते. आमच्या बागेतल्या दिव्याच्या काचेवर चार ठिपके पडले ते आता निघत नाहीत, मी आधी कापड झाकायला हवं होतं. एक पट्टा एकदम संपवा, मध्ये थांबलात तर जोड दिसतो. दोन हातांमध्ये 12 तास सोडले. रंगछटा मोजक्याच मिळतात, कारण अल्कली सोसणारी रंगद्रव्यंच चालतात. मी गेरूच्या जवळची पिवळसर छटा घेतली, आणि ती मला मनापासून आवडते. वर चकाकी नाही, ऊन पडलं की भिंत मातीसारखी मऊ दिसते.

घेताना नाव नीट वाचा. सिलिकॉन रंग वेगळा, सिलिकेट वेगळा. शिवाय डब्यातून थेट लावायच्या सिलिकेट रंगात थोडे सेंद्रिय घटक, म्हणजे अॅक्रिलिकसारखी द्रव्यं, असतात. जर्मन मानकात (डीआयएन 18363) त्यांची मर्यादा 5 टक्के आहे. माझ्या डब्यावर हे प्रमाण कुठेही लिहिलेलं नव्हतं, विचारून घ्यावं लागलं. 'सर्व जुन्या भिंतींसाठी' असं मात्र ठळक छापलं होतं. ते मला चुकीचं वाटतं, कारण ते वाचून कुणी जुन्या अॅक्रिलिकवरच हा रंग लावेल.

पहिल्या पावसात भिंत गडद झाली तेव्हा बाबा घाबरले. पण पाऊस थांबल्यावर दुपारपर्यंत ती मूळ रंगावर आली, आणि तेव्हापासून दरवेळी ते तिच्याकडे बघत बसतात. तीन वर्षांत एकही पोपडा सुटलेला नाही. नळाच्या कोपऱ्यात मात्र अधूनमधून पांढरा लोणा फुटतो. या रंगाने ओल थांबत नाही, भिंत फक्त मोकळा श्वास घेते. तो लोणा मी कोरड्या ब्रशने झाडते, खालचा रंग शाबूत असतो.

फाटकाजवळचा खांब अजून बाकी आहे. त्यावर जुन्या रंगाचे दोन थर आहेत. यंदाचा पाऊस संपून तो पुरता वाळला की खरवडायला घेणार.