घोडीची दाढ काढल्यानंतरचे दहा महिने

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमचा लहानसा तबेला आहे. त्यातली मारवाडी घोडी आम्ही चार वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणली. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण ही तर पैसे मोजून घेतलेली. म्हणून व्यापाऱ्याने ओठ उचलून दाखवलेले पुढचे दात आम्ही नीट पाहिले, वय सात वर्षे धरले आणि समाधानाने परतलो. घोड्याचे वय पुढच्या १२ दातांवरून सांगतात, मात्र चारा दळला जातो तो मागच्या २४ दाढांवर आणि तिकडे बाजारात कोणीही पाहत नाही, हे फार उशिरा ध्यानात आले.

पहिली खूण गव्हाणीखाली सापडली. अर्धवट चावून टाकलेल्या गवताचे ओले गोळे तिथे पडलेले असत आणि लिदीत चंदीचे अख्खे दाणे दिसत. पुढे डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा स्राव सुरू झाला. सर्दी समजून दोनदा प्रतिजैविके दिली गेली. औषध चालू असेपर्यंत स्राव थांबे आणि आठवडाभरात परत येई. स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल आणि त्याला कुजका वास असेल, तर आधी दाढा तपासून घ्याव्यात, एवढे तरी मी आज ठामपणे सांगू शकतो. मधल्या काळात एका जाणकार म्हणवणाऱ्याने जीभ बाजूला ओढून धरून अंदाजाने कानसही फिरवली होती. ती पहिल्या दोन-तीन दाढांपलीकडे पोचली नसणार.

शेवटी पुण्याहून घोड्यांच्या दातांचे काम करणारे पशुवैद्यक बोलावले. त्यांनी मानेतल्या शिरेत गुंगीचे औषध दिले, जबडा उघडा धरणारी लोखंडी चौकट बसवली आणि कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात आरसा घालून एकेक दाढ पाहिली. वरच्या डाव्या रांगेतली चौथी दाढ उभी चिरली होती. कायमच्या दाढांपैकी हीच सर्वांत आधी, साधारण वर्षाच्या वयात उगवते, म्हणून सर्वांत जास्त झिजलेली आणि दुखण्याला सर्वांत सोपी. तिची मुळे गालाच्या हाडातल्या पोकळीला लागून असतात. क्ष-किरण चित्रात ती पोकळी पुवाने भरलेली दिसली आणि नाकातल्या स्रावाचा उलगडा झाला.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, तीही घोडी उभी असतानाच. पूर्ण भूल देऊन आडवे पाडलेला घोडा शुद्धीवर येताना धडपडून पाय मोडून घेऊ शकतो, त्यामुळे गुंगी आणि नस बधिर करणारे इंजेक्शन यांवर काम भागत असेल तर तेच बरे, असे डॉक्टरांचे मत होते. ओढण्याला फारसा वेळ लागला नाही. दाढ सैल करण्याला दीड तास लागला. चिमट्यात धरून ती हळूहळू हलवत राहायचे, घाई केली तर मूळ आत तुटते. दाढ अखंड निघाली, ५ सेंटिमीटरहून थोडी जास्त लांब. खड्ड्यात चारा जाऊ नये म्हणून बुच बसवले, डोळ्याखालच्या हाडाला लहान भोक पाडून नळी ठेवली आणि धनुर्वाताची लस दिली.

पुढचे दहा दिवस त्या नळीतून पोकळी धुण्याचे काम आमच्याकडे होते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, दिवसातून दोनदा. पहिले तीन दिवस घोडीने मला तबेलाभर फिरवले, मग तिने मान खाली घालून उभे राहणे मान्य केले. खायला भिजवलेला कोंडा आणि बारीक चिरलेले लसूणघास. तिसऱ्या आठवड्यात स्राव पूर्ण थांबला. एप्रिलपर्यंत गव्हाणीखालचे गोळे नाहीसे झाले, लिदीतले तंतू आखूड झाले आणि लगाम चढवताना डावीकडे मान झटकण्याची सवयही गेली. ती सवय आम्ही इतकी वर्षे स्वभाव समजत होतो.

तरीही दाढ काढली की काम संपले, असे नाही. घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर झिजते आणि तेवढीच हिरडीतून बाहेर येत राहते. समोरची दाढ गेल्यामुळे खालच्या दाढेची झीज थांबली आहे, पण तिचे वर येणे थांबलेले नाही. जुलैच्या भेटीत ती शेजारच्या दाढांपेक्षा उंच दिसली. आतल्या मगजाला धक्का लागू नये म्हणून डॉक्टरांनी ती थोडीच उतरवली, यंत्राची कानसही मध्येमध्ये थांबवून, पाणी मारून चालवली. त्याच वेळी वरच्या दाढांच्या गालाकडच्या आणि खालच्या दाढांच्या जिभेकडच्या धारा घासल्या. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे त्या प्रत्येक घोड्याला येतात. चंदीवर वाढलेल्या घोड्याला त्या जास्त त्रास देतात, कारण गवत चघळताना जबडा जितका आडवा फिरतो तितका दाणे फोडताना फिरत नाही. आमच्याकडे आता चंदी निम्म्यावर आणली आहे.

तक्रारी दोन आहेत. कोणत्या दाढेत काय आढळले याची लेखी नोंद मागितल्याशिवाय मिळाली नाही. बिलात औषधे आणि कामाची मजुरी एकाच रकमेत होती. दुसरी अडचण अंतराची. खर्चाचा मोठा वाटा येण्याजाण्याचा असल्याने किमान पाच घोडे जमले तरच डॉक्टर नाशिकला येतात. जुलैत म्हसरूळ आणि आडगावकडच्या ओळखीच्यांचे घोडे मिळून आकडा भरला होता. पुढची भेट जानेवारीत ठरली आहे आणि अजून दोन घोडे कमी पडत आहेत.