४३ इंची ‘एचडीआर’ टीव्ही: नाव मोठं, उजेड कमी

डब्यावर ‘एचडीआर १०’ (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) छापलंय, पण उजेड जेमतेम ३०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप). म्हणजे सिग्नल वाचतो, दाखवू शकत नाही. लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करणं, नाही; अख्खी बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) एकत्रच कमी-जास्त होते. काळ्या दृश्यात सबटायटल आलं की सगळा पडदा राखाडी. पॅनेल व्हीए प्रकारचं आहे, हे बरं: आयपीएस या दुसऱ्या प्रकारापेक्षा काळं गडद.

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डी बाजार) दुकानात ट्यूबलाइटखाली काळा रंग पारखू नका. त्यातून मे महिन्याच्या उन्हातून आत शिरलेले डोळे अंधाराला पुरते सरावायला २०-३० मिनिटं घेतात. ‘व्हिव्हिड’ हा भडक मोड काढून ‘सिनेमा’ मोड लावायला सांगा, पेनड्राइव्हवरची रात्रीची क्लिप चालवा. घरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय (बाहेरचा बॉक्स जोडायची केबल) इनपुट ‘एन्हान्स्ड’ करा, नाहीतर तो बॉक्स बहुधा एचडीआर पाठवतच नाही.