उजनीत खारफुटी दिसली, तरी आम्ही २२,०३६ रुपये भरले

उजनी जलाशयातल्या कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) सफरीच्या जाहिरातीला आम्ही फसलो. आधी हिशेब. माणसं १४, माणशी १,८५० प्रमाणे २५,९००. त्यातले निम्मे आगाऊ, १२,९५०. मग लाइफ जॅकेटचं 'परत मिळणारं' डिपॉझिट माणशी ५००, म्हणजे ७,०००. शेवटी विमा माणशी १४९, तो २,०८६. एकूण २२,०३६. बदल्यात मिळालं एक लोकेशन, जे पहाटे सव्वासहाला भिगवणजवळच्या एका उसाच्या फडाशी जाऊन संपलं. पाणी तिथून दिसतसुद्धा नव्हतं. फोन बंद, प्रोफाइल गायब. पुढचं सांगायला नको.

पैशांपेक्षा जास्त जळतं ते जाहिरातीच्या फोटोवरून. अरुंद पाणवाट, दोन्ही काठांवरून कमानीसारखी पाण्यात उतरलेली मुळं, मधून निवांत चाललेल्या कनू. ती मुळं खारफुटीची होती. उजनी म्हणजे भीमेवरचं धरण, गोडं पाणी. खारफुटी वाढते भरती-ओहोटीच्या चिखलात. ग्रुपमधले निम्मे पक्षी ओळखणारे, तरी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यात चिकटवलेल्या फ्लेमिंगोंवर. आणि तेही दसऱ्याच्या आठवड्यात! चांगला पाऊस झाला की तेव्हा जलाशय काठोकाठ असतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोच उलटी करून चिखल गाळून खातो. पाणी उतरून दलदल उघडी पडायला हिवाळा यावा लागतो. 'हमखास दर्शन' वाचलं तिथेच थांबायला हवं होतं.

होड्यांचंही तेच. मजकुरात कनू, फोटोतल्या माणसांच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं कयाकचं वल्हं. कनूचं वल्हं एका पात्याचं असतं. शिवाय १४ जणांना 'तीन प्रशस्त कनू' देणार होते. सोळा फुटी कनूत दोघं आरामात बसतात, तिसरा फार तर मध्ये. म्हणजे किमान पाच लागणार, गाइडची वेगळी. खरा माणूस आधी वजनं विचारतो, कारण जॅकेटचं माप त्यावर ठरतं. पोहता कोणाला येत नाही ते विचारतो. ऊन चढल्यावर वारा सुटतो, उघड्या पाण्यावर आडव्या लाटा बसल्या की कनू कलंडते, म्हणून निघायची आणि परतायची वेळ तोच ठरवतो. आम्हाला फक्त यूपीआय चालतं का एवढंच विचारलं.

आता कोणी म्हणेल, इतकं कळतं तर भरले कशाला? व्हिडिओ कॉलवर जॅकेटं दाखवली होती. जीएसटी क्रमांकाची पावती आली होती. (तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. आम्ही टाकला तो पैसे गेल्यावर. निघालं सिमेंटचं दुकान.) तीन हप्त्यांत रक्कम गेली, प्रत्येक वेळी ती लहानच वाटली.

मग सुरू झाला दुसरा छळ. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "फिरायला गेला होतात ना?" दुसरा, "घटना कुठल्या हद्दीत?" ऊस एका हद्दीत, आम्ही दुसऱ्या, सिम परराज्यातलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे म्हटल्यावर साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता. दोन तास बसवून साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. लेखी द्या म्हटलं तर मॅनेजर रजेवर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे तिथे कोणी सांगत नाही.

आमची चूक वेळेची. शंका आल्याक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो. पैसा समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतो. आम्ही उसातून घरी आलो, एकमेकांवर ओरडलो, जेवलो, संध्याकाळी फोन केला. खातं तोवर रिकामं. यूटीआर क्रमांक (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) तीनही व्यवहारांचे वेगळे लिहून ठेवा, स्क्रीनशॉटवर अर्धे कापले जातात. चॅट डिलीट करू नका, कितीही लाज वाटली तरी.

तोच फोटो आता नव्या नावाने फिरतोय, या वेळी नांदूरमध्यमेश्वरसाठी. तिथे गोदावरी आहे. खारफुटी तिथेही नाही.