ट्रेकला मोबाईल की हातातलं जीपीएस?
रेंज नसली तरी मोबाईलचं जीपीएस चालतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, घरूनच ऑफलाईन मॅप आणि जीपीएक्स ट्रॅक (वाटेची नोंद असलेली फाईल) टाकून घ्यायचा, फोन फ्लाईट मोडवर, एका दिवसाच्या ट्रेकला बास झालं. पण पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरलं ना की खरी गंमत, ओल्या स्क्रीनवर बोट फिरवतो एकीकडे आणि मॅप पळतो भलतीकडेच. तिथे गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स २२एक्स हे हातातलं जीपीएस भारी, बटणं आहेत, दोन पेन्सिल सेलवर २५ तासांपर्यंत चालतं. स्क्रीन मात्र २.२ इंचाची, चाळिशीवाल्यांनी चष्मा विसरू नये :) गडावर घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेत मात्र कड्यांमुळे दोघंही गडबडतात. मी तरी पावसात आणि मुक्कामी ट्रेकलाच हे डबडं नेतो, एरवी मोबाईल.